तर्जनीचा अंगठा

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत ‘कॉन्टरगन’ हे झोपेचे औषध विक्रीस आले. गर्भवतींनाही ते निर्धोक असल्याचे सांगण्यात आले. पुढे हजारो बालके व्यंगे घेऊन जन्मली. कुणाचे हात आखूड, कुणाला अंगठाच नाही. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांच्या इशाऱ्यानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये औषध मागे घेतले गेले. जन्मलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र उरला. त्याच शहरातील हस्तशल्यविशारद डीटर बुक-ग्राम्को यांनी तो आपला मानला.

अंगठा नाही, तर आणायचा कोठून? तर्जनीतून. तिच्या रक्तवाहिन्या व नसा अखंड राखून तळव्यातील हाड आखूड करायचे, बोट फिरवून इतर बोटांसमोर आणायचे आणि तिचेच स्नायू नव्या कामाला लावायचे. ही पद्धत व तिचे परिणाम त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. आजही जगभर मूळ आधार तोच आहे.

आईवडिलांना हे पटणे कठीण जाते. आधीच चार बोटे, त्यातले एक आणखी कमी करायचे! व्यापारी घरात तर हा हिशेब उघड तोट्याचाच वाटेल. येथे जाणता शल्यविशारद वाद घालत नाही. तो बाळापुढे खेळणी ठेवतो आणि पाहत बसतो. पुष्कळदा अंगठ्याच्या जागी कातडीने लोंबणारे बोटुक असते. बाळ त्याकडे ढुंकूनही न पाहता तर्जनी व मधले बोट यांच्या चिमटीत वस्तू उचलते. निवाडा त्या बालकानेच दिलेला असतो. बोटुक दिसायला अंगठ्यासारखे असले तरी त्याच्या मेंदूने ते केव्हाच वगळलेले असते.

हाताला हात लावण्यापूर्वी हृदयाची सोनोग्राफी, मूत्रपिंडांची तपासणी व रक्ताच्या चाचण्या होतात. अंगठा व त्या बाजूचे हाड नसण्याबरोबर या अवयवांतील किंवा रक्तातील दोषही असू शकतात. घरचे बोटांकडे पाहत असताना डॉक्टर हृदयाविषयी का विचारतात, याचे कारण हे.

आपल्याकडे दुसरीच अडचण असते. गर्भारपणी ग्रहणात सुनेने काही चिरले असेल, असे कुणीतरी बोलून जाते आणि ती माउली वर्षानुवर्षे ते मनात वागवते. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे डॉक्टरांनी सासूसमोर स्पष्ट सांगणे हाही उपचारच होय. मुलीच्या बाबतीत ‘लग्नाच्या वेळी पाहू’ म्हणून थांबणे तर अधिक घातक. पकड शिकण्याचे वय पहिले-दुसरे वर्ष. म्हणूनच बुक-ग्राम्को ही शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच करण्याच्या मताचे होते. अंगठा व तर्जनी, किंवा करंगळी व अनामिका जुळलेली असतील, तर ती अनेकदा सहा महिन्यांच्या सुमारासच वेगळी करतात. अन्यथा आखूड बोट लांब बोटाला वाकवत जाते.

मात्र प्रत्येक वाकडा हात सरळ करायचा नसतो. काही मुलांचे मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेले असते आणि कोपरही वाकत नाही. असे मूल त्या वळलेल्या मनगटामुळेच घास तोंडापर्यंत नेऊ शकते. मनगट सरळ केले, तर हात छान दिसेल आणि मूल ताटावर उपाशी राहील. अशा वेळी शस्त्रक्रिया करीत नाहीत.