‘गावठी आहे ना?’ याआधी विचारायचे प्रश्न

मृगाच्या सरी आल्या की रोपवाटिकांत आणि बियाण्यांच्या दुकानांत घरच्या बागेसाठी बी घेणाऱ्यांची गर्दी होते. बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: हे गावठी आहे ना? त्यामागची काळजी खरी आहे. घरच्या भाजीला चव हवी, तिच्यावर विषारी फवारे नकोत, पुढच्या वर्षीसाठी बी राखता यावे, या अपेक्षांत चूक काहीच नाही. पण वाणाची सगळी निवड या एका शब्दावर सोपवली की फसगत होते. वाल मांडवभर पसरतो आणि शेंग धरत नाही, शेवंतीला कळी येत नाही, भेंडीची पाने पिवळी पडतात. मग कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी आपल्याच हाताला. खरे कारण बहुतेक वेळा वाण, हंगाम आणि जागा यांची न जमलेली जोडी हे असते.

‘हायब्रीड म्हणजे जनुकीय बदल केलेले’

या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. संकरित वाण म्हणजे एकाच पिकाच्या दोन निवडक, शुद्ध केलेल्या वाणांचा संकर. एकाच्या फुलावर दुसऱ्याचे पराग टाकायचे आणि तयार झालेले बी विकायचे, एवढेच त्यात असते. जनुकीय बदलात एखादे जनुक प्रयोगशाळेत उचलून पिकात घातले जाते. भारतात अशा पिकांपैकी व्यापारी लागवड होते ती फक्त बीटी कापसाची, 2002 पासून. बीटी वांग्याला केंद्राच्या समितीने 2009 मध्ये मंजुरी दिली होती, पण फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र ते वांगे 2014 पासून शेतात आहे. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या टोमॅटो, मिरची किंवा काकडीच्या हायब्रीड पाकिटाबद्दल ही शंका धरण्याचे कारण नाही.

पाकिटातले बी गुलाबी किंवा निळे दिसले म्हणूनही ते ‘कृत्रिम’ ठरत नाही. त्याला थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते चुकून कोणी खाऊ नये म्हणून रंग दिलेला असतो. असे उरलेले धणे किंवा मेथी स्वयंपाकघरात नेऊ नयेत, आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

हायब्रीडला फवारे जास्तच लागतात, हेही सरसकट खरे नाही. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो काढला. तो संकरितच आहे, पण पाने आकसणारा विषाणू, जिवाणूंमुळे होणारी मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देईल असा घडवलेला आहे. गच्चीवर औषध मारायचे नसेल तर असा वाण नाव-गाव नसलेल्या ‘गावठी’ रोपापेक्षा भरवशाचा. चवीचे म्हणाल तर बाजारातला टोमॅटो बेचव लागतो त्यात जाड सालीचा आणि कच्चा तोडून लांब पाठवण्याचा मोठा वाटा असतो. झाडावर पूर्ण पिकलेला चांगला संकरित टोमॅटो खाऊन पाहा.

‘हायब्रीडचे बी पुढे उगवतच नाही’

उगवते, आणि झाडाला फळेही लागतात. फक्त सगळी झाडे एकसारखी येत नाहीत. पहिल्या पिढीत एकत्र आलेले दोन आजोबांचे गुण दुसऱ्या पिढीत पुन्हा विखुरतात. मेंडेलने वाटाण्यावर दाखवले ते हेच. वांझ बी देणाऱ्या ‘टर्मिनेटर’ तंत्राची भीती अजून ऐकू येते. ते तंत्र जगात कुठेही बाजारात आले नाही, आणि भारताच्या 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार तसे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच होऊ शकत नाही.

उलट बाजूचा गैरसमज जास्त नुकसान करतो: गावठी बी राखले की दरवर्षी तोच वाण मिळणार. ते फुलावर अवलंबून आहे. टोमॅटो, वाल, घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या फुलात परागीकरण बहुतांशी स्वतःचे स्वतःत होते. यांचे बी निर्धास्त राखावे. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. मिरची, वांगी आणि भेंडीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वाणाचे पराग आणतात. काकडी, दोडका, भोपळा, मुळा यांच्यात तर परपरागीकरण हाच नियम, आणि पालकाचे पराग वाऱ्यावर उडतात.

समजा, ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावली. यंदाची ढोबळी तिखट होणार नाही, कारण फळाचा गर आईच्या झाडाचा असतो. पण त्या ढोबळीचे बी राखून पेरले तर पुढच्या वर्षी काही झाडांच्या मिरच्या तिखट निघतील. तिखटपणाचा गुण वरचढ असतो. उपाय सोपा आहे: फूल उमलण्याआधी कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधायची, फळ धरल्यावर ती काढायची आणि त्या फळाला दोरा बांधून खूण ठेवायची.

‘कारल्याशेजारी लावला तर दुधी कडू होतो’

हा समज गावोगावी आहे, आणि तो दूर होणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दुधी आणि कारले या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. त्यांचा संकर होत नाही. दोघांचा कडूपणाही वेगवेगळ्या द्रव्यांचा. दुधीत कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. मुळातल्या वाणात हा दोष असेल किंवा वेलाला पाण्याचा, उन्हाचा ताण बसला तर ती वाढतात, आणि ती विषारी असतात. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने कडू रस मुळीच पिऊ नये असे स्पष्ट सांगितले. कारल्याला दोष देऊन तो दुधी शिजवू नका. चिरण्यापूर्वी एक फोड जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकून टाकावी, दुधी फेकावा. त्या वेलाचे बीही ठेवू नये.

‘गावठी कुठेही येते’

गावठी वाण हा एखाद्या गावाचा असतो, हे यात विसरले जाते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते खानदेशच्या हवामातीत घडले आहे. काणकोणातली खोला मिरची पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर होते. कृष्णाकाठचे वांगे कोकणातल्या जांभ्या मातीत, आषाढाच्या धारांत तसेच येईल अशी अपेक्षा धरणे हा त्या वाणावर अन्याय आहे. आधी शेजारच्या गावात, आपल्याच आठवडी बाजारात काय पिकते ते पाहावे.

रोगांना तोंड देण्याची ताकदही कायमची नसते. भेंडीवर पांढरी माशी हळद्या रोग पसरवते आणि शिरा पिवळ्या पडतात. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ एकेकाळी या रोगात तग धरणारा म्हणून देशभर गेला, पण पुढे तो बळी पडू लागला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात 1980 च्या दशकात जांभळे आणि नेरकर यांनी एका रानटी भेंडीचा प्रतिकारगुण संकराने आणून ‘परभणी क्रांती’ तयार केली. या वाणाने मराठवाड्याचे नाव भारतभर नेले. काही वर्षांनी विषाणू बदलला आणि तिचीही प्रतिकारशक्ती उणावली. आजोबांनी लावलेला वाण आज का टिकत नाही, याचे उत्तर अनेकदा अशा बदललेल्या विषाणूत असते. म्हणून भेंडी घेताना पाकिटावर ‘हळद्यास सहनशील’ लिहिले आहे का ते पाहावे, आणि वाण अलीकडचा निवडावा.

‘पाणी-खत नीट दिले की फूल येणारच’

माझ्या मते घरच्या बागेत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट दिवसाची लांबी ही आहे. पुण्या-मुंबईत सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. अनेक झाडे हा फरक मोजतात.

जुन्या वेलवर्गी वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. जूनमध्ये पेरा किंवा ऑगस्टमध्ये, तो पाने वाढवत थंडीची वाट पाहतो. वैतागून वेल उपटणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावे. मांडवाला जागा नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ घ्यावा. तो बुटका आहे आणि दिवसाच्या लांबीवर अडत नाही. मांडव असेल तर मात्र स्थानिक वालच लावावा. रंग, चव आणि आकार यांची जी विविधता वालात आहे ती फार थोड्या भाज्यांत असेल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी ती जपली, म्हणूनच त्यांना लोक बीजमाता म्हणतात. 2020 च्या पद्मश्रीने त्या कामाची दखल घेतली.

शेवंतीला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा रात्रभर जळत असेल तर ती हिरवीगार राहते आणि कळी धरत नाही. फुलशेतीत फुलणे लांबवण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात, ते याच कारणाने. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्याला हलवणे हे इथे कोणत्याही खतापेक्षा गुणकारी.

कांद्याचे उलटे आहे. दिवस ठराविक लांबीचा झाला की तो गड्डा धरतो. युरोपातल्या अनेक वाणांना चौदा तासांहून मोठा दिवस हवा, तो आपल्याकडे उगवतच नाही. परदेशातून आणलेल्या त्या सुंदर पाकिटातून नुसती पात मिळेल. इथून बी नेऊन लंडनजवळ पेरणाऱ्या मराठी माणसाची अडचण याच्या उलट: आपला कांदा तिथल्या लांब दिवसांत फार लवकर गड्डा धरतो आणि गोटीएवढाच राहतो. आपल्याकडेही हंगाम पाळावा लागतो. ‘बसवंत 780’ आणि ‘एन 53’ खरिपाचे, ‘एन 2-4-1’ रब्बीचा.

‘झेंडू लावला की कीड पळते’

झेंडू उपयोगी आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. त्याच्या मुळांतली द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक असतात, आणि हा फायदा आधी झेंडूचे पीक घेऊन नंतर त्याच जागी भाजी लावली तर जास्त मिळतो. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीबाबत तर झेंडू पतंगाला बोलावतो. शेतात टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ लावतात; पतंग झेंडूवर अंडी घालतो आणि टोमॅटो वाचतो. त्यासाठी टोमॅटो फुलेल तेव्हा झेंडूही फुललेला हवा, म्हणून पंचेचाळीस दिवसांचे झेंडूचे रोप पंचवीस दिवसांच्या टोमॅटोच्या रोपाबरोबर लावतात. झेंडूवरच्या अळ्या वेचून मारल्या नाहीत तर मात्र आपण किडीला पोसत बसतो.

‘उगवले नाही म्हणजे बी बोगस’

असेलही. निळ्या गुलाबाचे बी म्हणून जे विकले जाते ते निखालस फसवे. नामांकित गुलाब बियांपासून करतच नाहीत, डोळा भरून करतात. पण साध्या भाज्यांच्या बाबतीत आधी पाकिटाची मागची बाजू वाचावी. उगवणशक्तीची किमान मर्यादा सरकारी मानकांत ठरलेली आहे: टोमॅटो आणि वांग्याला 70 टक्के, भेंडीला 65, मिरचीला 60. मिरचीच्या दहा बियांतून सहा रोपे आली तर बी मानकाप्रमाणेच आहे. चाचणीची तारीखही तिथे छापलेली असते, आणि वैधता त्या तारखेपासून नऊ महिन्यांची. कांद्याचे बी वर्षभरात मंदावते, टोमॅटोचे नीट कोरडे ठेवले तर तीन-चार वर्षे चालते. शंका असेल तर वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, कागद सुकू देऊ नये. टोमॅटोला आठवडा, मिरचीला दोन आठवडे द्यावेत आणि मोड मोजावेत. वीसपैकी दहालाच मोड आले तर बी दुप्पट पेरावे, पाचाहून कमी आले तर नवीन आणावे.