पळसाची तीन पानं आणि कोसबाडची टेकडी

प्रवेशाचा हंगाम आला की ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत रिक्षांच्या मागे, विजेच्या खांबांवर शाळांच्या जाहिराती झळकू लागतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यांची भाषा पालटली. ‘स्मार्ट क्लास’च्या जागी आता ‘कला, गणित आणि निसर्ग यांचा संगम’ आला. संपादक म्हणाले, “हा संगम नक्की कुठे होतो ते बघून या.” मी काही वर्ग पाहिले. एका वर्गात सोमवारी कला, मंगळवारी गणित आणि शनिवारी निसर्ग होता. भिंतीवर वारली चित्रांचा तयार स्टिकर होता आणि मुलं छापील त्रिकोणांत रंग भरत होती. जरा गंमतच वाटली. ही चित्रं ज्या मुलखातली, तिथेच पाऊणशे वर्षांपूर्वी दोन मराठी बायकांनी हा संगम घडवून आणला होता, आणि तो मुलूख २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तेव्हा कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईमार्गे डहाणूची वाट धरली.

इतिहास थोडक्यात असा. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. वीसेक वर्षं शहरी, मध्यमवर्गीय मुलांत गेल्यावर त्यांना वाटू लागलं की हे शिक्षण गरिबाच्या दारी गेलं नाही तर त्याला अर्थ नाही. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालविधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुढे आयुष्यभर याच कामात राहिल्या. दशकभरानंतर केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. एवढं कुठल्याही चरित्रकोशात सापडतं.

मला अडकवलं ते साहित्याच्या पेटीने. माँटेसरीबाईंच्या बालशिक्षण पद्धतीचं मूळ साहित्य देखणं आणि काटेकोर. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे घ्या. सगळ्यांत लहान ठोकळ्याची कड एक सेंटिमीटर, मोठ्याची दहा, प्रत्येक पायरीला बरोबर एका सेंटिमीटरचा फरक. मूल मनोरा रचतं आणि चुकलं तर त्याची चूक ठोकळाच त्याला दाखवतो. पण अशी पेटी पाड्यावर कुठून आणायची? ताराबाईंनी ती टेकडीवर आणि समुद्रकाठी शोधली. शिंपले, चिंचोके, खडे, काटक्या, बिया, पानं. किंमत शून्य आणि साठा अखंड.

यात नुसती काटकसर नव्हती. कारखान्यातले ठोकळे एकाच गुणात वेगळे असतात, बाकी सारखे. शिंपल्यांत मात्र आकार, रंग, रेघा, वजन सगळंच वेगळं. त्यांची प्रतवारी लावायची तर कोणत्या गुणाने लावायची हे मुलाला आधी ठरवावं लागतं. गणिताची सुरुवात त्या ठरवण्यात आहे. त्याच शिंपल्यांची ओळ नक्षी होते, आणि हा शिंपला कोणत्या प्राण्याचा हा प्रश्न लागलीच पाठोपाठ येतो.

पानांचंही तसंच. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण निराशेने वापरतो; वर्गात ती तीनचा पाढा आहे. एक देठ तीन, दोन देठ सहा, चार देठ बारा. मुलाला पाढा पाठ नसला तरी पानं खोटं बोलत नाहीत. त्याच पानांची पत्रावळ लावायला बसा. गोल बंद होईपर्यंत पानं किती लागतील याचा अंदाज बांधावा लागतो. पान छोटं निघालं तर संख्या वाढते. काडी टोचताना पानाची शीर आडवी आली तर पान फाटतं, म्हणून शिरांची दिशा बघावी लागते. या कामात भूमिती संपली कुठे आणि वनस्पतिशास्त्र सुरू झालं कुठे, हे सांगता येणार नाही.

पण पेटीपेक्षा भारी आहे ती माणसांची चिकाटी. बोर्डीत वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना मिळालेलं अंगणवाडी हे नाव याच प्रयोगाचं. कोसबाडला नवी अडचण आली. मोठी मुलं धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी बसत. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा काढली, तीच विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरलं वर्गात. तरीही काही मुलं उरलीच, कारण ती गुरं राखायला जात. मग शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले. ही कुरणशाळा.

कुरणशाळेचा विचार केला की जाहिरातींतल्या संगमाचं पितळ उघडं पडतं. तिथे विषय जोडायचे नव्हतेच, कारण ते कोणी तोडले नव्हते. गुरं मोजायची होती, सावली कुठे सरकली त्यावरून वेळ सांगायची होती, झाडाखाली गाणी म्हणायची होती. शिक्षकाचं काम एवढंच की मूल जे करतंय त्यातला धडा ओळखायचा आणि तो पुढे न्यायचा. हे ‘एवढंच’ सगळ्यांत अवघड आहे.

वारली चित्राचंही हेच. लग्नाच्या वेळी भिंतीवर लग्नचौक काढतात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी. माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. वरचा त्रिकोण जरा झुकवला की माणूस नाचायला लागतो, फार झुकवला तर पडतो. तोल कुठे राहतो हे हात शिकतो. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. डोंबिवलीतल्या वर्गात मात्र त्रिकोण आधीच छापलेला असतो. तोलाचा प्रश्न मुलापर्यंत पोहोचतच नाही.

मग हे डोंबिवलीत जमणार नाही का? साहित्य तर इथेही आहे. गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बाया रांगोळीचे ठिपके काढतात. मधल्या ओळीत सात, मग दोन्ही अंगांना पाच, तीन, एक. मोजले तर पंचवीस. तेच ठिपके तिरके बघा. चार-चारच्या चार ओळींचा एक चौरस दिसतो आणि त्याच्या फटींत तीन-तीनच्या तीन ओळींचा दुसरा. सोळा आणि नऊ. चौथीतल्या मुलीला हे स्वतःला सापडलं तर ती वर्गसंख्या जन्मात विसरणार नाही. खाडी आहे, येऊर आहे, मलंगगडाची रांग आहे, चार महिने धो धो पाऊस आहे.

अडचण साहित्याची नाही, माणसाची आहे. एका बालवर्गातल्या टीचरना मी हा ठिपक्यांचा खेळ दाखवला. त्या हसल्या. “मुलांनी जमिनीवर रांगोळी काढली तर वहीत काय दिसणार? पालक वही बघतात हो.” त्यांच्यापुढे एका खोलीत पस्तीस मुलं होती, मदतीला एक मावशी. पस्तीस मुलांना खाडीवर न्यायचं तर परवानगी, बस, आणि पाय घसरलाच तर जबाबदारी. आणि निसर्ग म्हणजे सगळं गोडच असंही नाही. वजनासाठी गुंजा सुंदर. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पण गुंज विषारी असते आणि चार वर्षांचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं. तिथे चिंचोकेच द्यावे लागतात, आणि तेही नजरेखाली, घशात अडकू नयेत म्हणून. हे जाणणारी बाई हवी.

ती बाई घडवायला सरकार काय करतं? २०२३ साली केंद्राने बालवर्गांसाठी खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ आणला. चांगलीच गोष्ट. पण पेटी उघडणाऱ्या अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, मानधन आहे. त्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभरच्या सेविकांना संप करावा लागला. पोषण आहार वाटायचा, वजनं घ्यायची, मोबाइलवर नोंदी भरायच्या, आणि उरल्या वेळात पोरांना कुरणात न्यायचं. खासगी बालवर्गांतल्या अनेक टीचरचं उत्पन्नही याहून फार बरं नसतं.

कोसबाडची गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो आणि तिथेच घात होतो. अनुताईंनी आयुष्य वाहिलं म्हणून कुरणशाळा चालली, हे खरं. पण हजारो वर्गांतून तेच व्हावं असं वाटत असेल तर त्यागावर विसंबून भागणार नाही. तिथे माफक पटसंख्या, पुरेसा पगार आणि प्रशिक्षण लागेल. चिंचोका फुकट आहे, तो योग्य वेळी योग्य मुलाच्या हाती देणारी बाई फुकट नाही.

तेव्हा यंदा प्रवेशाला जाणाऱ्या आईबाबांनी माहितीपत्रक बाजूला ठेवावं आणि दोनच प्रश्न विचारावेत. एका बाईकडे मुलं किती? आणि आमच्या मुलाची वही कोरी राहिली तर तुम्ही त्या बाईंना बोल लावणार का? पहिल्याचं उत्तर शाळेने द्यायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर शाळेइतकंच आपल्यालाही द्यावं लागेल.