दहावी-बारावीनंतर पुढे काय? : दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी



निकालाच्या दिवसांत पेढे घेऊन मंदिरात येणाऱ्या कुटुंबांत दिव्यांग मुलामुलींचे पालकही असतात. आता पुढे काय, हा त्यांचा प्रश्न आमच्या मते आठवी-नववीतच विचारावयास हवा. कारण मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने बरेच काही बदलते.

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार आहे. त्यानंतर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के पदे राखीव असतात. पण त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड आधीच हाती असावे. हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. त्यामुळे येथील विद्यार्थी जळगाव किंवा भुसावळच्या महाविद्यालयातही ते दाखवू शकतो. राज्य शासनाची शिष्यवृत्ती मात्र बहुधा रहिवासावर अवलंबून असते.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांनी अधिक सावध असावे. मूल सज्ञान होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँक वा मालमत्तेच्या व्यवहारात त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आपोआप राहत नाही. यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून जिल्हाधिकारी कार्यालय येथेच आहे. खंडव्यास जावे लागत नाही. सर्वांनाच असे पालकत्व लागत नाही, हेही ध्यानी घ्यावे. अंध वा कर्णबधिर तरुणाने आपली सही आपणच करावी.

कागदपत्रांइतकीच सवयही महत्त्वाची. "दुकानात बसवू" असे पुष्कळ घरांत म्हणतात. त्यात गैर काही नाही, परंतु गल्ल्यातील पैसे तो स्वतः मोजतो काय? एकटा बसने जातो काय? अशा गोष्टी शिकण्यास वर्षे लागतात आणि शाळेच्या काळातच त्यांस सवड मिळते.

बारावीच्या परीक्षेसाठी लेखनिक व वाढीव वेळ हवा असल्यास शाळेमार्फत वेळेआधी अर्ज द्यावा. आपल्या मराठी कुटुंबांत नावामध्ये वडिलांचे नाव घालण्याची रीत असल्याने गुणपत्रिका, आधार व प्रमाणपत्र यांवरील नावे एकसारखी आहेत ना, हे आताच पडताळून घ्यावे. प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदतही पाहावी.