संगणकाला कुलूप लागतं तेव्हा : सायबर हल्ला आणि पहिला तास



सायबर सुरक्षा म्हटलं की आपण मुलांना "ओटीपी कुणाला सांगू नका" एवढं बजावतो आणि विषय संपवतो. पण हल्ला संस्थेवरही होतो. पतसंस्था, दवाखाना, दूध संघ आणि हो, आपली शाळासुद्धा!

काही वर्षांपूर्वी मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कार्यालयातला संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. फाइलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरं आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर, फाइली हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. यालाच रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. आपल्याच कपाटाला चोराने स्वतःचं कुलूप लावावं, तसा प्रकार.

मग आम्ही काय केलं? सगळं चुकीचं! बाहेर बोभाटा नको म्हणून गप्प बसलो. ओळखीच्या एका मुलाला बोलावून संगणक फॉरमॅट मारला, म्हणजे उरलासुरला पुरावाही पुसला. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता, पण तो कायम त्याच संगणकाला लावलेला, त्यामुळे त्यालाही कुलूप. आणि दोन दिवसांनी संगणक कक्षातले तीन संगणक तसेच बंद पडले, कारण सगळे एकाच वायरने जोडलेले होते आणि कक्षातल्या सरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. जनरल रजिस्टर कागदावर होतं म्हणून दाखले तरी देता आले. पहिल्या सत्राचे गुण मात्र पुन्हा भरत बसलो.

मोठ्या संस्थांचंही असं होतं का? पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, "हे कार्ड खरं आहे का, खात्यात पैसे आहेत का?" हा निरोप ने-आण करणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरांनी व्हायरस घुसवून एक खोटा स्विच उभा केला. तो बँकेला न विचारताच परस्पर "हो, द्या पैसे" म्हणत राहिला. ११ ऑगस्ट २०१८ ला, काही तासांत, २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले आणि भारतात आणखी अडीच कोटी. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख! २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

११ ऑगस्टचा वार बघा, दुसरा शनिवार. म्हणजे बँकेला सुट्टी. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी होती. कार्यालयात कुणी नसतं ती वेळ चोराला सोयीची पडते.

मग अशा वेळी करायचं काय? आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. संगणक शक्यतो बंद करू नका आणि फॉरमॅट तर मुळीच मारू नका. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ वहीत लिहा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखता येते. आणि खंडणी भरू नका. भरून किल्ली मिळेलच, याची हमी कोण देणार?

पण माझ्या मते सगळ्यात अवघड काम सांगण्याचं. आपल्याला लाज वाटते. इथे मी मुलांना कोयनेचं उदाहरण देते (आता मी साताऱ्यात आहे, त्यामुळे ते पटकन पटतं). कोयनानगरला धरणाचे दरवाजे उचलले की ते पाणी कराडवरून सांगलीला पोचायला वेळ लागतो. वरून निरोप वेळेवर आला तर खालचे लोक आयर्विन पुलावरची पातळी बघत सामान माडीवर नेतात. निरोपच आला नाही तर? आमच्या संगणक कक्षाचं तेच झालं. भारतात असे निरोप गोळा करणारी सरकारी संस्था म्हणजे सर्ट-इन. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संस्थांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो. एकाने कळवलं की दुसऱ्यांना सावध करता येतं.

आणि बॅकअप म्हणजे ती माडी. ती घरापासून वेगळी, उंच हवी. डेटा कॉपी झाला की पेनड्राइव्ह काढायचा आणि कपाटात ठेवायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयालाही अनेक दिवस कागद-पेनावर काम चालवावं लागलं.

सध्याच्या शाळेत आम्ही संगणकाशेजारी एक कागद चिकटवलाय. वायर काढा, मुख्याध्यापकांना सांगा, १९३०. खाली आमच्या लिपिक मॅडमनी पेनाने स्वतःहून भर घातली आहे : "कुणी ओरडणार नाही." त्यानंतर महिन्याभरात लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या एपीके फाइलीबद्दल दोघा शिक्षकांनी आपणहून येऊन सांगितलं. एकांनी ती उघडलीसुद्धा होती.