हरकत घ्यावी ती वेळीच

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, अगदी बारीक टायपात, कधीकधी एक नोटीस छापून येते. 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' असे तिचे डोके असते, पोटात सर्व्हे नंबर आणि आरक्षणांचे क्रमांक असतात आणि शेवटी नागरिकांच्या हरकती व सूचना मागविलेल्या असतात. आपण बहुतेक जण ती वाचत नाही. पुढे दोन-चार वर्षांनी मुलांच्या मैदानाभोवती पत्रे उभे राहतात, तेव्हा मात्र आपण नाक्यावर जमतो आणि 'आम्हांला कोणी विचारलेच नाही' असे म्हणतो. विचारले होते, आपणच उत्तर दिले नव्हते.

कायद्याची वाट काय आहे ते पाहू. नगरपालिका किंवा महानगरपालिका आपल्या हद्दीची विकास योजना तयार करते. शाळा, बाग, मैदान, मंडई, रस्ता यांसाठी कोणती जमीन राखून ठेवायची हे त्या नकाशावर ठरते. योजनेचे प्रारूप कलम २६ प्रमाणे लोकांपुढे ठेवावे लागते. आलेल्या हरकतींची सुनावणी कलम २८ प्रमाणे नियोजन समिती करते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि या विषयाचे जास्तीत जास्त चार बाहेरचे जाणकार असतात. मग योजना शासनाच्या मंजुरीस जाते. मंजूर योजनेतही कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. पण त्यासाठीही नोटीस काढून एक महिन्याची मुदत द्यावी लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मंजूर योजनेत बसणारी इमारत कोणी बांधू लागला, तर शेजाऱ्यांच्या हरकती मागविण्याची पायरी या कायद्यात नाही. आपले म्हणणे ऐकले जाते ते नकाशा कच्चा असताना, किंवा तो बदलला जात असताना. पाया खणल्यावर केलेला अर्ज हा हरकतीचा अर्ज राहत नाही.

हरकत लिहावी कशी? प्रथम कार्यालयात जाऊन नकाशा डोळ्यांनी पाहावा आणि आपल्या जागेचा सर्व्हे नंबर व आरक्षणाचा क्रमांक टिपून घ्यावा. 'आमच्या भागावर अन्याय होत आहे' एवढेच लिहिले, तर समितीने त्यावर निर्णय तरी कोणता द्यावा? त्याऐवजी असे लिहावे : अमुक क्रमांकाचे मैदान निवासी विभागात घालू नये, अर्ध्या मैलात दुसरे मैदान नाही, जवळच्या दोन शाळांची मुले येथेच खेळतात, सबब आरक्षण कायम ठेवावे. जागा कोणती, बदल कोणता, कारण काय आणि मागणी काय, या चार गोष्टी एका पानात मावतात. राग खरा असला तरी बिल्डरला किंवा नगरसेवकाला दिलेल्या शिव्यांना त्या पानावर जागा नाही.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक आवक विभागात द्यावी, दुसरीवर शिक्का व तारीख घ्यावी. मुदत नोटिशीतील दिनांकापासून मोजली जाते, आपल्याला बातमी कळली त्या दिवसापासून नव्हे. सुनावणीची सूचना आली की स्वतः जावे, नाहीतर माहितगार माणूस पाठवावा.

एकट्याचे कोण ऐकतो, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी पुण्याची सार्वजनिक सभा आठवावी. १८७० साली ती स्थापन झाली तेव्हा सभासदाला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. लोकांच्या वतीने बोलायचे तर आधी लोकांकडे जायचे, हा त्यामागचा विचार. आपणही वाड्यावाड्यांतून, सोसायट्यांतून सह्या गोळा करू शकतो.

याचा उपयोग होतो का? फेब्रुवारी २०१५ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले. लोकांनी नकाशे तपासले, चुका दाखविल्या, हरकतींचे ढीग लागले. एप्रिलमध्ये राज्य शासनाने ते प्रारूप दुरुस्त करण्याचा आदेश दिला आणि सुधारलेले प्रारूप मे २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आले. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहास दिली गेली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला आणि ती जागा बागेसाठीच राहिली.

प्रत्येक हरकत मान्य होईल असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ फेटाळल्याही जातात. पण फेटाळलेल्या हरकतीची पोच हाती असली, तर वरच्या दारी जाताना निदान 'तुम्ही तेव्हा गप्प का बसलात' या प्रश्नाला उत्तर असते. आपल्या शहरात मोकळी जमीन आता थोडी उरली आहे आणि एकदा बांधली गेलेली परत मिळत नाही. तेव्हा उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडाल, तेव्हा ते आतले पानही वाचा.