आजोबांचं हिशोबाचं मशीन आणि मी घासून टाकलेला पुरावा

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो: साधनं कुठे मिळतील? म्हणजे अर्काइव्ह कुठलं, परवानगी कुणाची, फी किती. माझं एक साधन घरातच पोटमाळ्यावर होतं आणि त्याचं नुकसान मीच केलं. ते कसं झालं हे सांगते, म्हणजे तुमच्याकडून तसं होणार नाही.

आम्ही हिंदमाताला राहतो. हा भाग आजूबाजूपेक्षा खोलगट, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की बशीत साचावं तसं पाणी साचतं. तळमजल्यावरच्या घरांत जपायची वस्तू म्हणूनच वर चढवलेली असते. आजोबा परळच्या एका गिरणीत पगाराच्या हिशोबाला कारकून होते. त्यांचं हातानं फिरवायचं गणनयंत्र असंच वर्षानुवर्षं पोटमाळ्यावर पडून होतं.

हे मशीन चालतं कसं?

या जातीचं यंत्र सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या ओड्नर या स्वीडिश इंजिनिअरनं १८७० च्या दशकात तयार केलं. अमेरिकेत बाल्डविननं जवळपास त्याच काळात तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. पुढे जर्मनीत ब्रुन्सविगा, स्वीडनमध्ये फासिट अशा कंपन्यांनी अशी मशीनं जगभर विकली.

आत प्रत्येक अंकासाठी एक चाक असतं. खटका ७ वर नेला की त्या चाकातून सात दात बाहेर येतात. हँडल एकदा पुढे फिरवलं की ते दात उत्तराच्या चाकाला सात घरं सरकवतात. झाली बेरीज. उलटं फिरवलं की वजाबाकी. उत्तर शून्याच्या खाली गेलं की घंटी वाजते आणि खिडकीत नऊच्या रांगा दिसतात. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज, पण २६ ने गुणायला २६ फेऱ्या लागत नाहीत. सहा फेऱ्या, उत्तराचा भाग एक घर सरकवायचा, मग दोन फेऱ्या. एकूण आठ.

मग अडचण कुठे?

हे यंत्र दशमान आहे. आपला रुपया १ एप्रिल १९५७ पर्यंत दशमान नव्हता. एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. समजा रोज १ रुपया ७ आणे आणि हजेरी २६ दिवसांची. मशीनला आणे कळत नाहीत. त्यामुळे आधी सात आण्यांचं दशांशात रूपांतर हवं: ७ भागिले १६, म्हणजे ०.४३७५. आता १.४३७५ लावा, आठ फेऱ्या मारा, उत्तर ३७.३७५. त्यातला ०.३७५ परत १६ ने गुणा, सहा आणे. पगार ३७ रुपये ६ आणे.

म्हणजे मशीन अर्धंच काम करत होतं. उरलेलं अर्धं कारकुनाच्या डोक्यात किंवा शेजारच्या तक्त्यात होतं. यंत्र आलं तेव्हा माणसाचं काम कमी झालं की नुसतं बदललं? माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा प्रश्न हाच आहे.

मी काय केलं

मशीन खाली काढलं त्या दिवशी मी मोबाईलवर एकच फोटो काढला, तोही मैत्रिणीला दाखवायला. मग जोशात रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसले. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कुजका कागद चिकटलेला होता. तो खरवडला आणि कचऱ्यात टाकला. संध्याकाळी मशीन चकचकीत झालं, घरचेही खूश.

दीड वर्षानं गाइडनी विचारलं, "आण्यांचं रूपांतर तिथे कसं करत होते, याचा काही पुरावा?" मी तो फोटो उघडला. कोपऱ्यात कागदाचा तुकडा दिसत होता आणि त्यावर एकच ओळ वाचता येत होती: ७, आणि पुढे .४३७५.

मला वाटलं, सापडलं! शिवाय एक जमेची बाजूही होती. १९५७ नंतरही काही काळ जुनी नाणी चालत होती, पण तेव्हाच्या सरकारी तक्त्यात सात आणे म्हणजे ४४ नवे पैसे, पूर्णांकात. चार अंकी दशांश म्हणजे नाणी बदलण्याचा तक्ता नव्हे, आकडेमोडीचा.

गाइडनी शांतपणे विचारलं, "आणि इंच?"

सात सोळांश इंच म्हणजेसुद्धा .४३७५. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटरकडे असे तक्ते असायचेच. एका ओळीवरून दोन्ही शक्यता सारख्याच खऱ्या ठरतात. पुढची-मागची ओळ असती तर निकाल लागला असता. एका पैचा दशांश साधारण .००५२ येतो. इंचाच्या तक्त्यात निम्मे, पाव, अष्टमांश करत चौसष्टांशापर्यंत जातात, तिथे १९२ वा भाग येत नाही. ती ओळ त्या कागदावर असेलही. कागद कचऱ्याच्या गाडीतून गेला. आजोबा तर त्याआधीच गेले होते.

तुम्ही काय करा

चोर बाजारात, भंगारवाल्याकडे किंवा आत्याच्या माळ्यावर असं मशीन मिळालं, तर:

१. हात लावण्याआधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, झाकणाच्या आतून, खालूनही. शेजारी पट्टी ठेवा.
२. सीरियल नंबर, विक्रेत्याची पट्टी, झिजलेले खटके टिपून ठेवा. कुठले खटके जास्त झिजलेत यावरून वापराचा अंदाज येतो.
३. कुठून आलं, कुणी दिलं, कुठल्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहा. आठवणीवर सोडू नका.
४. हँडल अडलं तर जोर लावू नका. एक फेरी अर्धवट राहिलेली असेल, तर आतलं सगळंच अडकून बसतं.
५. कागद, शाई, डाग काढू नका. गंज वाढू नये म्हणून कोरडी जागा द्या, तेवढं पुरे.
६. ते वापरलेलं माणूस हयात असेल तर आधी त्यांच्याकडे जा. मशीन थांबेल, माणूस थांबत नाही.

हौशी संग्राहकाला चालू, चकचकीत मशीन हवं असतं, आणि त्यात काही चूक नाही. पण संशोधकाला मळही हवा असतो.

माझ्या प्रकरणात आता त्या फोटोबद्दल एकच वाक्य आहे: "हा तक्ता आण्यांचा असू शकतो, इंचांचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, कारण पहिल्या मसुद्यात मी "आण्यांचा आहे" असं ठोकून दिलं होतं. सध्या मी आजोबांच्या जुन्या सहकाऱ्यांना शोधते आहे. दोघे भेटलेत. त्यातल्या एकांनी तक्ता आठवतो का या प्रश्नावर डोळे मिटले आणि "एक आणा, शून्य सहा दोन पाच" असं पाढ्यासारखं म्हणायला सुरुवात केली. या वेळी रेकॉर्डर आधीच चालू होता.