पहिल्यांदा ऑनसाइटला जाताय? बॅगेआधी मोबाईल तयार करा

कंपनी पहिल्यांदा परदेशात पाठवते तेव्हा घरात आठवडाभर बॅग भरणं चालतं. स्वेटर, छोटा कुकर, आईचं लोणचं, सगळं आठवणीने ठेवलं जातं. मोबाईलची तयारी म्हणजे मात्र फक्त रोमिंगचा पॅक. पण तिकडे सिम बदललं तरी हाताच्या सवयी त्याच राहतात. इथे ज्या गोष्टीकडे कोणी लक्षही देत नाही, तिच्यावरून तिकडे थेट केस होऊ शकते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन. "पंधरा दिवस दुबईला जायचंय, काय काय बघून ठेवू?" असे मेसेज गावाकडच्या पोरांकडून येत असतात. म्हणून दुबईपासूनच सुरुवात करू.

दुबईत फोन वापरताना

संयुक्त अरब अमिरातीचा (यूएई) सध्याचा सायबर कायदा २०२१ चा आहे, आणि तो २ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तुम्ही पंधरा दिवसांसाठी आलात की पंधरा वर्षांसाठी, विमानातून उतरलात की तो तुम्हालाही लागू. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. फोटो: परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून किंवा टाकून त्याच्या खासगीपणाचा भंग केला, तर किमान ६ महिने कैद, किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. दीड लाख दिरहम म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर! मॉलमध्ये रील करताना मागे कोण येतंय ते बघा.

२. शिवीगाळ: व्हॉट्सॲपवर चिडून दिलेली शिवी हाही ऑनलाइन अपमानाचा गुन्हा ठरू शकतो. समोरच्याने फक्त स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जायचा अवकाश.

३. फॉरवर्ड: अफवा किंवा खोटी बातमी पसरवली तर किमान १ वर्ष कैद आणि किमान १ लाख दिरहम दंड. "मी नाही लिहिलं, नुसतं पुढे पाठवलं" हे तिथे चालत नाही. गावाकडच्या ग्रुपवर काहीही येवो, तेवढे दिवस फॉरवर्डचं बटण विसरा.

४. व्हीपीएन: यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल साधारणपणे लागत नाही. मग कोणीतरी फुकटचं व्हीपीएन सुचवतं. कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन वापरणं वेगळं. पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरलं तर दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो. त्या वाटेला जाऊच नका. झूम, टीम्स किंवा बोटिमसारखं तिथे चालणारं ॲप निघण्याआधीच आईबाबांच्या फोनमध्ये टाकून द्या आणि एकदा कॉल लावून दाखवा.

बॅगेतली खसखस

ही गोष्ट फोनची नाही, पण आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. यूएई आणि सिंगापूरमध्ये खसखस नेता येत नाही. ती अफूच्याच झाडाची बी, आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आता आठवा, आपल्याकडे खसखस कशाकशात पडते: अनारसे, काही लाडू, घरचा मसाला. आईला आधीच सांगा.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप किंवा ट्रामाडोल यूएईत परवानगीशिवाय नेता येत नाही. बाकी औषधंसुद्धा मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबतच ठेवा. सिंगापूरला निघालात तर व्हेप, गुटखा आणि च्युइंगगम तिघांनाही घरीच ठेवा.

जे कायद्यात लिहिलेलं नसतं

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात. जैन मंदिरात चामड्याच्या वस्तू नेत नाहीत, हे प्रत्येकाला माहीत असतंच असं नाही. पण जो दारातच विचारतो, "पट्टा काढून ठेवू का?", त्याला गावातला माणूस आपणहून सगळं सांगतो. परदेशात आपणही असाच पाहुणा असतो.

जपानमध्ये ट्रेनमध्ये फोन सायलेंटवर ठेवतात आणि कॉलवर बोलत नाहीत. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देतात-घेतात, आणि मिळालेलं कार्ड लगेच खिशात कोंबत नाहीत. आखाती देशांत एखाद्या महिलेने स्वतः हात पुढे केला तरच हस्तांदोलन करा. रमजानमध्ये उपवास असलेल्या सहकाऱ्यासमोर दिवसा खाऊ-पिऊ नका. जर्मनीत माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, आणि हा नियम १९०७ च्या कायद्यातला आहे, म्हणजे इंस्टाग्रामच्या शंभर वर्षं आधीचा. ऑफिसच्या पार्टीचे फोटो टाकण्याआधी विचारा. शंका आली की एकच प्रश्न: "इथे हे चालतं का?"

निघण्याआधी मोबाईलमध्ये

- बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा घाला. भारतीय कार्डावर ही सोय सुरुवातीला बंदच असते.
- ओटीपी भारतीय नंबरवरच येणार. त्यावर रोमिंग भारतातूनच सुरू करा आणि इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्या.
- पासपोर्ट, व्हिसा, विमा, हॉटेलचा पत्ता यांच्या प्रती इंटरनेटशिवाय उघडतील अशा ठेवा. एक संच कागदावर, एक घरच्यांकडे.
- नकाशा आणि भाषांतराचा पॅक डाउनलोड करून घ्या.
- आणीबाणीचे नंबर सेव्ह करा. पोलीस: यूएई आणि सिंगापूर ९९९, जपान ११०. युरोपात ११२, अमेरिकेत ९११.

अडकलातच तर

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर वाद घालू नका आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. शांतपणे सांगा, "माझ्या दूतावासाला कळवा." ही विनंती करणं हा तुमचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये तो लिहिलेला आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोष दिला तो याच कलमावरून. पण दूतावास तुम्हाला तिथल्या कायद्यातून सोडवू शकत नाही. तो वकिलांची माहिती देतो, भेटायला येतो, घरच्यांपर्यंत निरोप पोहोचवतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरचेही गावातूनच तक्रार नोंदवू शकतात. म्हणून त्या पोर्टलची लिंक आणि जवळच्या भारतीय दूतावासाचा नंबर आज घरातल्या एकाच्या फोनमध्ये टाकून द्या.

आणि शेवटचं: हे नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर ते पुन्हा एकदा बघा. रील बघून ठरवू नका.